आपलं खाडीपार

शालन,

आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. तुझ्या लेकीचा, विशाखाचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरात गवार मोडत बसले होते आणि मनातल्या मनात तुलाच उत्तर देत होते. आदल्या रविवारी तू फोनवर म्हणाली होतीस, ‘वत्सला, तू सगळं नुसतं डोक्याने मोजतेस.’ त्यावर काय बोलायचं ते मला नंतर सुचलं होतं, आणि चांगलं झणझणीत सुचलं होतं. विशाखा ‘मावशी’ म्हणाली आणि पुढे तिच्याच्याने बोलवेना. मी गवार तशीच बाजूला ठेवली. ते उत्तर अजून माझ्याकडेच आहे.

आपण कशावरून भांडत होतो हे कुणाला सांगायचीही सोय नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या दोन बायका, आणि भांडण कशावरून तर एका मतदारसंघावरून, तोही आता नसलेल्या. माझ्या मुलाला मी एकदा समजावून सांगायला गेले. तो म्हणाला, ‘आई, अगं लोक प्रॉपर्टीवरून भांडतात.’ मी म्हटलं, आमच्या दोघींची तेवढीच प्रॉपर्टी आहे.

खाडीपार विधानसभा मतदारसंघ. दोन निवडणुका जगला आणि पुढच्या फेररचनेत गेला. खाडीच्या इकडचं कोलशेत आणि आजूबाजूच्या वाड्या, तिकडचं कळवा आणि त्याच्या अंगाची गावं, असा तो दोन्ही काठांवर पाय टाकून उभा होता. मग कुणीतरी रेघ ओढली, इकडचं इकडे जोडलं, तिकडचं तिकडे. आज कोलशेतच्या टॉवरमधल्या कुणाला खाडीपार विचारलं तर त्याला ते एखाद्या माशांच्या हॉटेलाचं नाव वाटेल.

आपली ओळखसुद्धा त्या नावामुळेच झाली, आठवतं ना. वागळे इस्टेटमधला तो रेडिओच्या सुट्या भागांचा लहानसा कारखाना, सोल्डरिंगचं लांब टेबल, आणि जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून बसलेल्या आपण पोरी. पहिली निवडणूक तोंडावर आली होती. मी चिपळूणकडून लग्न होऊन कोलशेतात आले त्याला फार दिवस झाले नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी तुला विचारलं, ‘तुमच्याकडे निवडणूक आहे म्हणे?’ तू घास थांबवून म्हणालीस, ‘आमच्याकडे कुठली? ती खाडीपारची. तुमची.’ मी म्हटलं, खाडीपार म्हणजे तर तुमचं कळवा. तू म्हणालीस, आम्ही कशाला खाडीपार, आम्ही इथेच आहोत, खाडीपार तुम्ही. टेबलावरच्या पोरी हसायला लागल्या. तुला मात्र हसू आलं नाही. तू तशीच उठून मुकादमाकडे गेलीस, त्याच्या टेबलावरचा पेपर मागून आणलास आणि गावांची नावं बोटाने वाचत गेलीस. कोलशेत होतं. कळवाही होतं. ‘म्हणजे आपण एकाच घरातल्या की गं,’ असं म्हणालीस. माझ्या डब्यातली वालाची उसळ तू त्या दिवशी न विचारता घेतलीस ती घेतलीसच.

नाव ठेवणाऱ्याला काय कल्पना असणार. खाडीकाठच्या माणसाला पार म्हणजे नेहमी समोरचा काठ. त्यामुळे झालं असं की अख्ख्या मतदारसंघात, ही निवडणूक आपली आहे असं वाटणारं माणूस सापडेना. आमच्या घरमालकीणबाई, म्हणजे नानी, आगरी समाजातलं मोठं प्रस्थ, त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, ‘ती निवरनूक पल्यारची हाय, आपली येल तवा बगू.’ तुमच्या चाळीत काही वेगळं नव्हतं. निवडून आले ते गृहस्थ भले होते. त्यांनी दोन्हीकडे सभा घेऊन खाडीपारच्या जनतेचे आभार मानले आणि दोन्हीकडच्या जनतेला ते आभार दुसऱ्यांचे वाटले.

पुढच्या निवडणुकीला तू स्वतः उभी राहिलीस. उभं राहायला लागतं तेवढं वय तुझं नुकतंच झालं होतं. पक्ष नाही, पाठीशी कुणी पुढारी नाही, चाळीतल्या बायका आणि कारखान्यातल्या आपण चार पोरी. चिन्ह मिळालं शिडी. मी कपाळाला हात लावला. तू म्हणालीस, बरं आहे की, घरोघरी असते, दाखवायला न्यावी लागणार नाही. का उभी राहतेस असं मी विचारलं तर तुझं एकच उत्तर होतं, की या मतदारसंघाला कुणीतरी आपलं म्हणायला पाहिजे. मला ते तेव्हा फारच भाबडं वाटलं होतं. आजही थोडं वाटतं. रागावू नकोस.

नानीच्या ओट्याचा दिवस मी नातवंडांनासुद्धा सांगितलाय. मी तुला पहिल्यांदा कोलशेतला घेऊन आले होते. नानीने चहा केला, पण तो बाहेर ओट्यावर पाठवला, आणि तूही बाहेरच बस हे कुणी न बोलता तुला समजेल असं पाहिलं. का, ते तुला ठाऊक होतं आणि मलाही. मी लाजेने खाली बघत होते. तू आरामात भिंतीला टेकून बसलीस आणि समोरून जाणाऱ्या बाईला हाक मारलीस, ‘मावशी, या ना, वारा छान आहे.’ ती आली. मग शेजारची आली. नानीची सून हिरा दारात घुटमळत होती, तीही येऊन बसली. बघता बघता गल्लीतल्या सगळ्या बायका ओट्यावर आणि आत नानी एकटी. आतून तिने दोनदा भांडी आपटली. शेवटी स्वतःचा कप घेऊन ती बाहेर आली आणि जागा नव्हती म्हणून तुझ्याच शेजारी बसली. तू नुसती सरकलीस. त्यावर एक शब्द बोलली नाहीस, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

प्रचाराची तुझी रीतही जगावेगळी होती. कोलशेतमध्ये फक्त कळव्याच्या बायकांनी फिरायचं आणि कळव्यात फक्त कोलशेतच्यांनी. आपल्या माणसाने आपलंच कौतुक केलं तर ऐकणार कोण, असं तुझं म्हणणं. म्हणून मी, चार माणसांत तोंड न उघडणारी, तुमच्या चाळींतून शालनला मत द्या म्हणत हिंडले आणि तू नानीच्या गल्लीत. पहिल्या दिवशी माझा आवाजच फुटेना. तुझ्या आईने मला पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि म्हणाली, आता बोल, पोटात काही नसलं की आवाज येत नाही. त्या पंधरवड्यात मी बोलायला शिकले. पुढे सोसायटीच्या सभांत, मुलांच्या शाळेत, बँकेच्या काउंटरवर मी कुणाला ऐकले नाही, ते सगळं तुमच्या चाळीतलं शिक्षण. त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आज मानते.

तू पडलीस. पडणारच होतीस. पण अगदीच वाऱ्यावर गेली नाहीस, मतं बऱ्यापैकी पडली, आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. त्या वेळी सगळ्या पेट्यांमधल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायचे. त्यामुळे कुठल्या गावाने किती दिली हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. कळव्यातले म्हणाले, सगळी आमची. कोलशेतमध्ये कुणी काहीच म्हणालं नाही. आणि तू मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी सोल्डरिंगच्या टेबलावर बसून ठामपणे सांगितलंस की कोलशेतने मला दिलीत.

मी नाही म्हणायचे. मी तिथे राहत होते ना. कोलशेतचे पुरुष तर ते कामाला जात त्या कंपनीच्या युनियनने उभ्या केलेल्या माणसामागे होते आणि बायका पुरुषांमागे. निकालानंतर एकीच्याही तोंडून तुझं नाव मी ऐकलं नाही. नळावर विषय निघाला की सगळ्या पाण्याकडे बघायच्या. मी तुला हे सांगितलं की तू म्हणायचीस, बघ, पाण्याकडे बघतात म्हणजे काहीतरी आहे. मी म्हणायचे, काही नाही, हंडा भरतोय का ते बघतात.

वर्षं गेली. रेडिओचा कारखाना बंद पडला. तू अंगणवाडीत लागलीस, मी शिवणाचे क्लास घेतले आणि पुढे मुलाबरोबर डोंबिवलीला आले. मतदारसंघ तर कधीच गेला होता. पण फोनवर औषधपाणी आणि पोराबाळांचं बोलून झालं की आपली गाडी तिथेच यायची. मला वाटायचं, आता तरी सोड. मग एकदा तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा तू खिडकीशी बसून साधेपणाने सांगितलंस, आणि तुला हे इतकं का लागलंय ते मला पहिल्यांदा कळलं.

‘कळव्याने मला मत दिलं ते घरातलं म्हणून,’ तू म्हणालीस. ‘तिकडच्या एकीने जरी दिलं असेल ना, तर खाडीपार खरंच होता. नाहीतर मी नुसतीच आमच्या चाळीत निवडणूक खेळले.’

मी गप्प बसले. कारण एकीने दिलं होतं, आणि ती तुझ्यासमोर बसली होती. मी शिडीवर शिक्का मारला हे मी नवऱ्याला सांगितलं नाही आणि तुलाही नाही. तुला का नाही, तर मला तू पुरती माहीत. तू लगेच विचारलं असतंस, आणि बाकीच्या? बाकीच्यांचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकटं माझं मत तुझ्या हातात ठेवायचं म्हणजे तुझी ती एवढी मोठी आशा एका मतावर आणून बसवायची. त्यापेक्षा भांडण बरं होतं. भांडणात निदान तू जिंकत होतीस.

आता पुन्हा मतदारसंघांच्या फेररचनेची चर्चा सुरू झाली, आणि तू उठून बसलीस. गुडघे साथ देत नव्हते, डॉक्टरांनी जिना बंद केला होता, आणि तू म्हणतेस, सुनावणी लागली की जायचं. सांगायचं, हे दोन काठ एकदा एक होते, पुन्हा करा. मी म्हटलं, अगं, ते लोकसंख्या बघतात, रस्ते बघतात, तुझं मन बघत नाहीत. तू म्हणालीस, मग आपण दाखवू. मी विचारलं, काय दाखवणार, पुरावा काय आहे? त्यावर तू ते डोक्याने मोजण्याचं बोललीस आणि फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं तेच.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आले. तुमच्या चाळींच्या जागी आता इमारती आहेत, पण विहार तिथेच आहे. वंदना झाली. विशाखा पांढऱ्या साडीत अगदी तुझ्यासारखी दिसत होती, फक्त तुझ्यापेक्षा शांत. मी मागच्या भिंतीजवळ बसले होते आणि तेवढ्यात दारातून हिरा आत आली. नानीची सून. आता तीच नानी झालीय, कमरेत वाकलेली, नातीच्या हाताला धरून. तिच्या मागून आणखी चौघी-पाचजणी, सगळ्या कोलशेतच्या, सगळ्या पिकलेल्या. एकाच टेम्पोतून आल्या होत्या. मी कुणालाच कळवलं नव्हतं. विचारलं तर हिरा म्हणाली, मासळीवालीनं सांगितलं.

विशाखाने सगळ्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. अंगणवाडीतल्या बाई बोलल्या, चाळीतले एक काका बोलले. मग विशाखाने कोलशेतच्या बायकांकडे पाहिलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला नळावरचे दिवस आठवले. मला वाटलं, आता या पुन्हा गप्प बसणार.

हिरा उभी राहिली. ती काही जमलेल्यांशी बोलली नाही, थेट विशाखाशी बोलली.

‘तुज्या आईनी आमाला शपत घातलेली,’ ती म्हणाली. ‘मत कोनाला दिलं ते बोलाचा नाय. घरान बोलाचा नाय, भाईर बोलाचा नाय, मनापन सांगाचा नाय.’

‘मनापन’ म्हणजे मलापण, खुद्द तुलासुद्धा सांगायचं नाही. शालन, मला हे ठाऊकच नव्हतं. तू नानीच्या गल्लीत फिरत होतीस तेव्हा मी तुझ्याच हुकमाने तिकडे कळव्यात होते. हिराने मग सगळं सांगितलं. बायकांना भीती होती ती घरच्यांची. नवऱ्याने विचारलं तर खोटं कसं बोलायचं, मुलाची शपथ घातली तर काय करायचं. तेव्हा तू म्हणे ओट्यावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, मीच आधी घालते. तुम्हाला शालनची शपथ आहे, कुणालाच सांगायचं नाही. आता पुढची कुठलीही शपथ लागणार नाही. तू, जी शपथा-बिपथा मानत नव्हतीस आणि मी कुलदैवताची शपथ घेतली की खो-खो हसायचीस, ती. तुला ती एक युक्ती वाटली असणार. निवडणूक झाली, युक्तीचं काम झालं, तू विसरून गेलीस. पण शपथ घातली की ती सोडावी लागते, गं. घालणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने ‘सुटली’ म्हणावं लागतं. लहान मुलांनासुद्धा माहीत असतं हे. तुझ्या घरात कुणी शपथ घालतच नव्हतं, तर तुला कोण सांगणार.

‘तिनी सोरलीच नाय,’ हिरा म्हणाली. ‘आमी वाट बगली. मंग आमी म्हाताऱ्या झालो.’

विशाखाला आधी काही कळेचना, ती माझ्याकडे बघायला लागली. मग हिरा दोन पावलं पुढे झाली आणि विशाखाचा हात हातात घेतला.

‘तू तिची पोर हायस. तू सोर. सुटली म्हन.’

विशाखा वकिली करते, ती तुझ्यावर गेलीय, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नाही. तिने एकदा तुझ्या फोटोकडे पाहिलं. मग त्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे. आणि अगदी हळू म्हणाली, ‘सुटली.’

‘मी शिरीवं शिक्का मारलेला,’ हिरा म्हणाली. कोलशेतच्या तोंडात शिडीची शिरी होते आणि आवडलीची आवरली.

तिच्या मागची म्हणाली, मीपन. तिच्या शेजारची म्हणाली, मनापन शिरीच आवरलेली. एकीला ऐकू कमी येतं, तिला दुसरीने कानात ओरडून सांगितलं की शपथ सुटली, तेव्हा ती एवढ्या जोराने ‘शिरी!’ म्हणाली की कळव्याचे सगळे हसले आणि हसता हसता रडायला लागले. मग त्या एकमेकींकडेच आश्चर्याने बघायला लागल्या. शालन, त्यांनी एकमेकींनाही सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षं एकाच नळावर पाणी भरून प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच. जसं मला वाटत होतं. मी उठून उभी राहिले. माझ्यावर तुझी शपथ नव्हती तरी मोठ्याने म्हणाले, ‘मी पण.’ हिराने माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, तुजं आमाला म्हाईतच होतं.

तर हरले मी. इतकी वर्षं भांडून सपशेल हरले, आणि हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. फक्त तू ऐकायला नव्हतीस. ते सलतं, आणि ते सलत राहणार. पण तुला हे कळायची गरज होती असं आता मला वाटत नाही. मी पुराव्यासाठी अडून बसले होते, आणि तू पुराव्याशिवायच त्या बायकांना आपल्या मानून बसली होतीस. त्यांनीही तेच केलं, तुझं नाव न घेता.

चहा झाला. या वेळी सगळे आतच बसले होते. विशाखा म्हणाली, सुनावणी लागली तर मी अर्ज करीन, पण बोलायला तुम्ही लागाल. मतदारसंघ परत मिळेल असं तिलाही वाटत नाही, मलाही नाही. हिरा म्हणाली, न मिलू दे, आमी तं येनार. टेम्पो ठरवायचं काम मी घेतलंय. डोंबिवलीहून मी आधी कळव्याला येणार, विशाखाला घेणार, मग पुलावरून कोलशेत.

निघताना सगळ्या टेम्पोत चढल्या. नातीने हिराला हात दिला. एक पाय वर टाकून हिरा थांबली, पुन्हा खाली उतरली आणि वाकत वाकत विशाखाजवळ आली. तिला एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी ती आणि तिची सासू मत द्यायला बरोबर गेल्या होत्या. परत येताना बांधावर नानी मध्येच थांबली, मागे-पुढे कुणी नाही असं बघितलं, पण तोंड उघडून पुन्हा मिटलं आणि चालायला लागली. पुढे किती वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर, तिने हिराकडून पाटी मागितली आणि तिच्यावर ओल्या बोटाने दोन उभ्या रेघा आणि मध्ये आडव्या रेघा काढून दाखवल्या. बोलली नाही. बोलायचं नव्हतं ना.

‘ती गेली तशीच,’ हिरा म्हणाली. ‘तिची पन सोर, बाय.’

विशाखाने डोळे पुसले, खाडीच्या दिशेला तोंड केलं आणि म्हणाली, ‘नानी, सुटली.’